डोंगरावरच्या ढगाला विरजण

२८ ऑक्टोबर २०२५ला दिल्लीच्या आकाशात एक छोटं विमान दोनदा फिरून आलं. आयआयटी कानपूरच्या पथकाने पंखांना लावलेल्या नळकांड्या पेटवल्या, धूर सोडला आणि राजधानी पावसाची वाट बघत बसली. हवेत ओलावा होता जेमतेम १५ ते २० टक्के. सांगण्यासारखा पाऊस काही पडला नाही. दोन दिवस विनोद फिरले आणि विषय मिटला. कृत्रिम पावसाची बातमी आपल्याकडे बहुतेक अशीच येते. आधी दुष्काळ नाहीतर प्रदूषण, मग विमान, मग पुढाऱ्यांची विधानं, मग सगळं गप्प.

अमेरिकेतल्या आयडाहो राज्यात याच कामाची दरवर्षी तयारी होते, आणि तिची बातमी होत नाही. आयडाहो पॉवर नावाची वीज कंपनी २००३पासून पेएट नदीच्या खोऱ्यात हिवाळी ढगांवर हा उद्योग करते आहे. वीज कंपनीला ढगांशी काय देणंघेणं? तर पेएट नदी पुढे स्नेक नदीला मिळते आणि स्नेकवर या कंपनीची जलविद्युत धरणं आहेत. डोंगरावर हिवाळ्यात जास्त बर्फ पडला, तर उन्हाळ्यात टर्बाइनवर जास्त पाणी येतं. हिशेब सरळ आहे. पदरचे पैसे घालणारी कंपनी वीस वर्षं तोच तोच खर्च करते आहे, म्हणजे तिच्या मते तरी त्यात काहीतरी तथ्य आहे.

मग दिल्लीत फसलं ते आयडाहोत कसं चालतं? यंत्रं जवळपास सारखीच, रसायनंही त्याच कुळातली. फरक आहे तो ढगात आणि ढगाखालच्या जमिनीत.

आधी नावाबद्दल. ‘कृत्रिम पाऊस’ हे नाव मला कधीच पटलं नाही. त्यात कृत्रिम असं काही नसतं. पाणी ढगाचंच असतं. सरकारी कागदांवर येणारा ‘मेघबीजन’ हा शब्द बरा आहे, पण तोही थोडा फसवतो. बी पेरलं की त्यातून नवीन काहीतरी उगवतं. इथे नवीन काही उगवत नाही. घरातलं उदाहरण द्यायचं तर हे विरजण आहे. दूध आहे, कोमट आहे, पण आपलं आपण त्याचं दही होत नाही. चमचाभर विरजण लागतं. आणि पातेलं रिकामं असेल तर विरजण कितीही चांगलं असू दे, दही लागायचं नाही. दिल्लीत त्या दिवशी पातेल्यात दूधच नव्हतं.

आता ढगातलं हे दूध म्हणजे काय, ते बघू.

पाणी शून्य अंशाला गोठतं, हे आपण शाळेत शिकलो. ते अर्धंच खरं आहे. बर्फ शून्याला वितळतो, हे पक्कं. पण पाण्याला गोठायला नुसती थंडी पुरत नाही, कुठून तरी सुरुवात व्हावी लागते. पाकात दोरा सोडला की त्याच्याभोवती खडीसाखर धरते, तसा बर्फाच्या स्फटिकालाही कशाचा तरी आधार लागतो. पेल्यातल्या पाण्यात धूळ असते, पेल्याच्या कडा असतात, त्यामुळे तिथे अडचण येत नाही. ढगातला थेंब मात्र मिलिमीटरच्या शंभराव्या हिश्शाएवढा असतो आणि बऱ्यापैकी शुद्ध असतो. तो उणे दहा अंशांवरही पाणीच राहतो. आधाराला काहीच मिळालं नाही, तर अगदी उणे अडतीसच्या आसपास जाईपर्यंत तो गोठायचं नाव घेत नाही. याला अतिशीत पाणी म्हणतात. फ्रीझरमधून काढलेली पाण्याची बाटली टेबलावर आपटताच क्षणात गोठते, असे व्हिडिओ तुम्ही पाहिले असतील. ती बाटली आणि हे ढग एकाच जातीचे.

हिवाळ्यात रॉकी पर्वतावर जे ढग येऊन टेकतात, त्यांपैकी बरेच या अतिशीत थेंबांनी भरलेले असतात. थेंब इतके बारीक की खाली पडत नाहीत. वारा त्यांना चढावर नेतो, माथ्यावरून ओलांडतो आणि पलीकडे उतारावर हवा खाली येऊन गरम झाली की ते विरून जातात. डोंगराच्या डोक्यावर आलेलं पाणी डोंगराला न शिवताच निघून जातं.

पण या ढगात बर्फाचा एक कण शिरला, की चित्र पालटतं. बर्फाच्या पृष्ठभागापेक्षा पाण्याच्या पृष्ठभागावरून वाफ जास्त सहज सुटते. त्यामुळे उणे पंधरा अंशांना जी हवा पाण्याच्या हिशेबाने काठोकाठ भरलेली असते, तीच बर्फाच्या हिशेबाने सुमारे पंधरा टक्के ओसंडत असते. ही जास्तीची वाफ बर्फाच्या कणावर जाऊन बसते. हवा थोडी कोरडी झाली की आजूबाजूचे थेंब सुकून तिची भरपाई करतात, आणि तीही वाफ बर्फच गिळतो. एक कण शेजारच्या हजारो थेंबांचा घास घेत वाढतो, जड होतो आणि हिमकण होऊन खाली पडतो.

हे कोडं सोडवणाऱ्यांपैकी एक होते स्वीडिश हवामानशास्त्रज्ञ टोर बर्गेरॉन. १९२२मध्ये ते ऑस्लोजवळच्या एका टेकडीवर विश्रांतीला गेले होते. तिथल्या झाडीतल्या वाटेवर त्यांना गंमत दिसली. हवा शून्याच्या वर असली की धुकं थेट जमिनीपर्यंत उतरायचं. पण कडाक्याची थंडी असली की वाट मोकळी आणि धुकं झाडांच्या शेंड्यांच्या वर. फांद्यांवर साचलेला बर्फ खालच्या धुक्यातली वाफ ओढून घेत होता. विश्रांतीला गेलेला माणूस धुकं किती खाली उतरतं, हे रोज बघत राहतो, यातच त्याची जात कळते. भूखंड सरकतात असं सांगणारे आल्फ्रेड वेगनर यांनीही ही कल्पना आधी सुचवली होती, आणि पुढे जर्मनीच्या वॉल्टर फिंडआयझेन यांनी ती पुढे नेली. म्हणून आज या प्रक्रियेला तिघांचंही नाव आहे.

मग प्रश्न उरतो तो त्या पहिल्या कणाचा. निसर्गात ते काम मुख्यतः मातीची धूळ करते. पण धुळीचे बहुतेक कण उणे पंधरा-वीसच्या खाली गेल्यावरच जागे होतात. उणे सहा ते उणे पंधरा या पट्ट्यात आधार देणारे कण फार थोडे असतात. विरजणाची गरज नेमकी या पट्ट्यात आहे.

ते सापडलं कसं, तर निम्मं अपघाताने. जुलै १९४६, न्यूयॉर्क राज्यातली जनरल इलेक्ट्रिकची प्रयोगशाळा. व्हिन्सेंट शेफर हे तिथले संशोधक एका घरगुती फ्रीझरला आतून काळं मखमल लावून त्यात आपल्या श्वासाचे छोटे ढग बनवत होते आणि ते गोठवायला काय काय टाकता येईल, ते पाहत होते. काही केल्या जमेना. एका उकाड्याच्या दिवशी फ्रीझर पुरेसा थंड होईना, म्हणून त्यांनी आत कोरड्या बर्फाचा, म्हणजे गोठवलेल्या कार्बन डायऑक्साइडचा, तुकडा ठेवला. क्षणात आतलं धुकं लखलखत्या स्फटिकांनी भरून गेलं. कोरडा बर्फ इतका थंड असतो की त्याच्या आसपासचे थेंब आधाराशिवायच गोठतात. १३ नोव्हेंबरला शेफर विमानातून मॅसॅच्युसेट्सच्या डोंगरांवरच्या ढगात कोरडा बर्फ टाकून आले, आणि ढगाखाली हिमाची झालर दिसली.

त्याच प्रयोगशाळेतल्या बर्नार्ड व्हॉनेगट यांनी वेगळी वाट धरली. बर्फाच्या स्फटिकाशी ज्याची रचना जुळते असा पदार्थ कोणता, हे ते कोष्टकांत शोधत बसले. सिल्व्हर आयोडाइड सापडलं. त्याच्या अणूंची षटकोनी मांडणी बर्फाच्या मांडणीशी इतकी जुळते की पाण्याच्या रेणूंना तो बर्फच वाटतो. पहिला नमुना भेसळीचा निघाला आणि प्रयोग फसला. शुद्ध नमुना आणल्यावर जमलं. सिल्व्हर आयोडाइड उणे सहाच्या आसपासच कामाला लागतं, आणि एका ग्रॅमच्या धुरातून अब्जावधी कण निघतात. ऐंशी वर्षं होत आली, पण याहून सोयीचं विरजण अजून कुणाला मिळालेलं नाही.

आज हे लावायच्या दोन रीती आहेत. एक विमानाची: पंखांवरच्या नळकांड्या पेटवून ढगातून आडवं-तिडवं उडायचं. दुसरी जमिनीवरची, आणि डोंगरातच शोभणारी. वाऱ्याच्या बाजूच्या उतारावर लोखंडी मनोऱ्यासारखा एक बर्नर उभा करतात. त्यात सिल्व्हर आयोडाइड मिसळलेलं अॅसिटोनचं द्रावण प्रोपेनच्या ज्योतीत जाळतात. धूर वाऱ्याबरोबर चढावर जातो आणि माथ्यावरच्या ढगात शिरतो. बर्नर दुरूनच चालू-बंद करता येतो. भर वादळात विमान उडवण्यापेक्षा ही पद्धत स्वस्त आणि सुरक्षित, पण वाऱ्याने दिशा बदलली की सगळा धूर भलतीकडे जातो.

डोंगर काय करतो

आपल्या भूगोलाच्या पुस्तकातला ‘प्रतिरोध पाऊस’ आठवा. वारा सह्याद्रीला धडकतो, वर चढतो, थंड होतो; महाबळेश्वर भिजतं आणि पलीकडे माण-खटाव कोरडे राहतात. रॉकी पर्वतात हिवाळ्यात हेच होतं, फक्त पावसाच्या जागी बर्फ.

डोंगर ढगाला जागेवर धरून ठेवतो. नुसत्या आकाशातला पावसाळी ढग अर्ध्या-पाऊण तासात जन्मतो, वाढतो आणि विरतो; विमान तिथे पोचेपर्यंत त्याचं काय झालेलं असेल, सांगता येत नाही. डोंगरावरचा ढग मात्र वारा वाहतो तोवर तासन्‌तास तिथेच तयार होत राहतो. धूर कुठे सोडायचा आणि बर्फ कुठे पडणार, याचा अंदाज बांधता येतो.

त्याहून मोठी गोष्ट म्हणजे पडलेला बर्फ वाहून जात नाही. तो डोंगरावरच थर धरून बसतो आणि एप्रिल-मेनंतर हळूहळू वितळून नद्यांत उतरतो. अमेरिकेच्या पश्चिम भागाचं पाणीपुरवठ्याचं सगळं गणित या थरावर उभं आहे. तिथले लोक १ एप्रिलला डोंगरावर किती बर्फ आहे, हे आपल्याकडे १५ ऑक्टोबरला धरणाचा साठा पाहतात, तसं पाहतात. हे न बांधलेलं धरणच म्हणायचं, आणि त्याच्याखाली कुणाचं गाव बुडलेलं नाही. सपाटीवर पडलेला जास्तीचा पाऊस निम्मा वाफ होऊन जातो, उरलेला कुठल्या तरी नाल्याने वाहून जातो. डोंगरावर पडलेला जास्तीचा बर्फ मोजता येतो आणि कुठल्या नदीत येणार, तेही माहीत असतं.

सह्याद्रीत मग हे का नाही? उंचीमुळे. मोसमात आपल्या आकाशात शून्य अंशाची रेषा जवळपास पाच-साडेपाच किलोमीटरवर असते आणि कळसूबाई १६४६ मीटर. सह्याद्रीला टेकणारे ढग हे उबदार ढग. त्यांना सिल्व्हर आयोडाइडचा काही उपयोग नाही.

पडला, पण कुणामुळे?

इथे या विषयाची खरी अडचण सुरू होते. ढगावर फवारणी केली आणि बर्फ पडला. तो फवारणीने पडला, की पडणारच होता? त्याच ढगाला परत बोलावून, या वेळी फवारणी न करता काय होतं, हे पाहता येत नाही. आणि निसर्गात एका वादळाचा बर्फ दुसऱ्याच्या दुप्पट-चौपट असणं अगदी रोजचं. त्या गोंधळात दहा टक्क्यांचा फरक शोधणं म्हणजे बाजारातल्या गलक्यात घड्याळाची टिकटिक ऐकण्यासारखं आहे. १९५०-६०च्या दशकांत अनेकांनी ती ऐकल्याचं छातीठोकपणे सांगितलं; नंतर आकडे पुन्हा तपासले तेव्हा त्यातले कित्येक दावे टिकले नाहीत. कोलोरॅडोतल्या क्लायमॅक्स इथल्या गाजलेल्या प्रयोगांचंही तेच झालं.

चोख प्रयोग करायचा तर औषधाच्या चाचणीसारखा करावा लागतो. वायोमिंग राज्याने तो केला. मेडिसिन बो आणि सिएरा माद्रे या शेजारशेजारच्या दोन डोंगररांगा. योग्य वादळ आलं की नाणेफेकीसारखी चिठ्ठी काढायची: आज या रांगेवर फवारणी, दुसरी तशीच सोडायची. २००८ ते २०१४ असे सहा हिवाळे हे चाललं. ११८ वादळी प्रसंग हिशेबाला धरता आले. निकाल काय, तर तीन टक्के वाढ. आणि फवारणीचा काडीचाही परिणाम नसता तरी एवढा फरक निव्वळ योगायोगाने दिसण्याची शक्यता २८ टक्के. म्हणजे सिद्ध झालं असं म्हणता येत नाही. इतर पुरावे, संगणकी प्रारूपं वगैरे जमेला धरून शास्त्रज्ञांनी अंदाज दिला की फवारणीला योग्य अशा वादळात ५ ते १५ टक्के वाढ होत असावी. पण ‘योग्य वादळात’ हे शब्द विसरायचे नाहीत. तशी परिस्थिती हिवाळ्यातल्या हिमवृष्टीच्या सुमारे तीस टक्के काळातच असते. तीसचे पंधरा टक्के काढा, म्हणजे संपूर्ण हिवाळ्याच्या मानाने वाढ किती उरते, ते कळेल. जाहिरातीत पंधरा टक्के येतात, तीस येत नाहीत.

ऑस्ट्रेलियाच्या स्नोई माउंटन्समधला प्रयोग मला सगळ्यांत चतुर वाटतो. न्यू साउथ वेल्स राज्याने २००४मध्ये त्यासाठी खास कायदाच केला, आणि २००५ ते २००९ हे काम चाललं. त्यांनी सिल्व्हर आयोडाइडच्या बरोबरीने इंडियमच्या ऑक्साइडची पूडही तशाच रीतीने हवेत सोडली. इंडियमला बर्फ धरायची कला नाही. ते नुसतं ढगात फिरतं आणि पडणाऱ्या बर्फाबरोबर योगायोगाने खाली येतं. मग बर्फाचे नमुने घेऊन दोन्ही धातू मोजले. चांदी आणि इंडियम सोडलं त्याच प्रमाणात सापडलं, तर चांदीही नुसती धुवून निघाली. चांदी जास्त सापडली, तर तिच्याभोवती खरोखर हिमकण धरला होता. चोर पकडायला सोबत एक साधा माणूस पाठवल्यासारखं हे आहे. तिथे लक्ष्य ठेवलेल्या भागात सुमारे चौदा टक्के वाढ नोंदली गेली.

आणि मग आला १९ जानेवारी २०१७.

त्या हिवाळ्यात कोलोरॅडो, वायोमिंग, इलिनॉय इथली विद्यापीठं, अमेरिकेचं राष्ट्रीय वातावरण संशोधन केंद्र आणि आयडाहो पॉवर यांनी मिळून पेएटच्या खोऱ्यात मोठा प्रयोग मांडला. ट्रकवर बसवलेले दोन रडार बर्फातून डोंगरमाथ्यावर चढवले. १९ तारखेला ढग अतिशीत पाण्याने भरलेला होता आणि आपणहून बर्फ जवळजवळ पडत नव्हता. बीजनाचं विमान वाऱ्याला आडवं, पुढे-मागे उडत धूर सोडत गेलं. काही वेळाने रडारच्या पडद्यावर एक रेघ उमटली, मग तिच्या मागोमाग दुसरी, तिसरी. नागमोडी, विमान जसं उडालं होतं तशीच. निसर्ग ढगात नागमोडी रेघा काढत नाही. सत्तर वर्षं ज्याच्यावर वाद चालला होता, ते पडद्यावर रेघ मारून समोर आलं: थेंबांतून स्फटिक होताना, वाढताना आणि जमिनीवर पडताना.

मग शास्त्रज्ञांनी त्याचं मोजमाप केलं. त्या दिवशी वीस मिनिटांच्या फवारणीने सुमारे एक लाख तेवीस हजार घनमीटर पाणी बर्फाच्या रूपाने खाली आलं, म्हणजे दहा हजार लिटरचे बारा हजारांवर टँकर. ऐकायला प्रचंड आहे. पण ते पसरलं सुमारे २३०० चौरस किलोमीटरवर, बृहन्मुंबईच्या जवळजवळ चौपट जागेत. पाण्याचा थर करून पाहिला तर मिलिमीटरचा दहावा हिस्साही भरत नाही. त्या महिन्यातल्या अशा तीन दिवसांची बेरीज २०२०मध्ये प्रसिद्ध झाली: १३० मिनिटांची फवारणी, सात लाख घनमीटर पाणी. आपल्या धरणांच्या भाषेत ०.०२५ टीएमसी. खडकवासल्याचा उपयुक्त साठा दोन टीएमसीहून किंचित कमी. त्याचा ऐंशीवा हिस्सा.

हा आकडा बघून कुणी हसेल, कुणी हुरळेल. मला दोन्ही पटत नाही. हिवाळाभर चांगल्या वादळांत हे पुन्हा पुन्हा केलं आणि टर्बाइन खालीच असेल, तर खर्च भरून निघू शकतो. पण तीनही दिवस निवडक होते, नैसर्गिक बर्फ कमी पडत होता म्हणूनच रेघा स्पष्ट दिसल्या. उरलेल्या बऱ्याचशा दिवशी काहीच ठामपणे वेगळं काढता आलं नाही. ‘होतं’ हे सिद्ध झालं. ‘वर्षाकाठी किती होतं’ हा प्रश्न अजून उघडाच आहे. अमेरिकी सरकारच्या लेखापरीक्षण कार्यालयाने डिसेंबर २०२४च्या अहवालात वेगवेगळ्या अभ्यासांतली वाढ शून्य ते वीस टक्के अशी नोंदवली, यावरून काय ते समजा.

उलट्या टोकाचं उदाहरण इस्राएलचं. तिथे १९६०च्या दशकातल्या प्रयोगांच्या जोरावर हिवाळी ढगांवर कित्येक दशकं फवारणी चालू होती. २०१३ ते २०२० या काळात देशाच्या उत्तर भागात नव्याने चिठ्ठ्या काढून तपासणी केली. वाढ निघाली १.८ टक्के, तीही योगायोगापासून वेगळी करता येईना. त्यांनी काम थांबवलं. फार कमी सरकारं असं करतात.

दुष्काळात का नाही

या सगळ्यात आपल्याकडे जी गोष्ट ध्यानात घेतली जात नाही, ती ही. दुष्काळाच्या वर्षी वादळंच कमी येतात, ढगच कमी असतात. म्हणजे दूधच कमी. त्या वर्षी दहा टक्के वाढ मिळाली तरी ती थोड्याचे दहा टक्के. भरपूर वादळांच्या वर्षी तीच दहा टक्के वाढ धरण भरायला हातभार लावते. म्हणून ज्यांना यातलं कळतं ते बरं वर्ष, वाईट वर्ष न पाहता दर हिवाळ्यात हे करतात आणि मिळेल ते साठवून ठेवतात. पगार चालू असताना बचत करावी, तसं. नोकरी गेल्यावर बँकेत खातं उघडून काय होणार?

कोलोरॅडो नदीवर तर ही बचत दुसऱ्याच्या घरात केली जाते. नदीच्या खालच्या अंगाला असलेल्या नेव्हाडासारख्या राज्यांतल्या पाणीसंस्था वरच्या अंगाच्या कोलोरॅडो, वायोमिंगमधल्या डोंगरांवरच्या फवारणीला पैसे देतात. बर्फ तिकडे पडतो, पाणी इकडे येतं. २०२३मध्ये अमेरिकेच्या केंद्रीय जलविभागाने दक्षिण नेव्हाडाच्या पाणी प्राधिकरणाला याच कामासाठी २४ लाख डॉलर दिले. मराठवाड्याने जायकवाडीसाठी नाशिकच्या डोंगरांवर पैसे खर्च करावेत, अशातला हा प्रकार. आपल्याकडे त्या दोन बाजूंत पाण्यावरून काय चालतं, हे वाचकांना सांगायला नको.

महाराष्ट्राचा यातला वाटा मात्र लहान नाही, आणि तो बहुतेकांना ठाऊक नसतो. पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामान संस्थेने १९७३ ते १९८६ या काळात अकरा मोसम बारामतीच्या परिसरात उबदार ढगांवर मिठाच्या पुडीचे प्रयोग केले आणि सुमारे २४ टक्के वाढ नोंदली. मीठ ओलावा ओढतं, थेंब मोठे करतं. बर्फाचा इथे संबंध नाही. त्याच संस्थेने २०१८ आणि २०१९मध्ये सोलापूरच्या पर्जन्यछायेत २७६ ढग तपासले, काहींवर फवारणी करून, काही तसेच सोडून. वाऱ्याच्या खालच्या अंगाला शंभर चौरस किलोमीटरच्या भागात सरासरी १८ टक्के वाढ दिसली. हे काम नेटकं आहे. पण ते आयडाहोसारखं नाही. सोलापूरचा ढग डोंगराला बांधलेला नाही, आणि पडलेला पाऊस तीन महिने गोठून बसत नाही. तो कुणाच्या शेतात पडला, हेच त्याचं भवितव्य. २०१५ आणि २०१९मध्ये औरंगाबादहून (आताचं छत्रपती संभाजीनगर) विमानं उडाली, तीही दुष्काळ पडल्यावर.

चांदीच्या विषाबद्दल लोक विचारतात. सिल्व्हर आयोडाइड पाण्यात जवळजवळ विरघळत नाही, आणि फवारणी केलेल्या बर्फात चांदीचं प्रमाण इतकं कमी असतं की ते शोधायलाच खास प्रयोगशाळा लागते. तरीही वर्षानुवर्षं त्याच खोऱ्यात हे करायचं तर माती आणि पाणी तपासत राहायला हवं, हे खरं. दुसऱ्याचा पाऊस चोरल्याचा आरोपही जुना आहे. डोंगरावरून जाणाऱ्या हवेतला ओलावा इतका जास्त असतो आणि त्यातून काढलेला हिस्सा इतका छोटा, की पलीकडच्या गावाला फरक पडल्याचा पक्का पुरावा सापडलेला नाही. टेक्ससमध्ये जुलै २०२५ला ग्वाडालूप नदीला पूर आला, तेव्हा दोन दिवस आधी दूरवर झालेल्या छोट्या फवारणीवर खापर फोडायला लोक धावले. एवढा पाऊस पाडायची ताकद असती, तर या क्षेत्रातले शास्त्रज्ञ तीन टक्के सिद्ध करायला सहा हिवाळे घालवत बसले नसते.

आयडाहोत आता काम कसं चालतं, तर वादळ यायच्या आधी हवामानतज्ज्ञ फुगा सोडतात. वर जाता जाता फुगा तापमान, ओलावा आणि वारा कळवतो. ढगात अतिशीत पाणी आहे का, धूर पोचेल त्या उंचीवर उणे सहाच्या खाली आहे का, वारा बर्नरकडून डोंगराकडे आहे का. एक जरी जुळलं नाही, तरी त्या रात्री ज्योत पेटत नाही. खोऱ्यात सरासरीपेक्षा फार जास्त बर्फ आधीच साठलेला असेल, पुराचा किंवा हिमकडे कोसळण्याचा धोका असेल, तरीही नाही. मग तज्ज्ञ नोंदवहीत तारीख आणि कारण लिहितात, आणि पुढच्या वादळाचा नकाशा उघडतात.